फोटो दाखवल्यानंतर

"फोटो शार्प नाहीये," असं कुणी म्हटलं की हौशी फोटोग्राफरच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या लेन्सचा. त्याआधी फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून दहा मिनिटं नीट बघावा. अस्पष्टपणा हे तापासारखं लक्षण आहे, तो आजार नाही. आजार कोणता, याची खूण बहुतेक वेळा फोटोतच उमटलेली असते.

दगड, झाडं, माणसं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, ओल्या पानांवरच्या चमकत्या थेंबांच्या बारीक रेघा झाल्या असतील, तर हात हललाय. फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबचं जवळ आणते तो आकडा) २०० मिलिमीटर असेल तर शटर स्पीड निदान १/२०० सेकंद हवा. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असेल तर दीडपट धरून १/३०० च्या पुढे. मागचं देऊळ खणखणीत आणि समोरून पळणारा मुलगा तेवढा पुसट, तर हात स्थिर होता, पण शटर त्या मुलाच्या वेगाला पुरलं नाही. इथे ट्रायपॉड किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन काही कामाचं नाही, ते फक्त आपल्या हाताची थरथर सावरतं. डोळे पुसट आणि कान मात्र शार्प, तर फोकस चुकलाय. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) पूर्ण उघडी ठेवून मीटरभरावरून चेहरा टिपला, तर शार्प पट्ट्याची खोली जेमतेम तीन-चार सेंटिमीटर मिळते. डोळा आणि कान यांतलं अंतर त्याहून जास्त असतं. अशा वेळी मधल्या बिंदूवर फोकस घेऊन मग कॅमेरा वळवायची सवय घात करते. फोकसचा बिंदूच जवळच्या डोळ्यावर नेऊन ठेवावा.

सगळं सारखंच मऊ, धुरकट, काळे भाग राखाडी पडलेले, तर लेन्स तपासावी. मोबाइलवर बोटाचा तेलकट ठसा असतो. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा, म्हणजे तो बाहेरच्या हवेइतका उबदार होतो. त्वचा मेणासारखी, केसांचा लगदा झालेला, तर नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, काढताना स्लायडर जास्त ओढला गेलाय. आणि निसर्गचित्रात "सगळं शार्प हवं" म्हणून एफ/२२ लावलं असेल, तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं बोथट झालंय. एफ/८ ते एफ/११ मध्ये काम भागतं.

एक कारण मात्र नवख्यांच्या लक्षातच येत नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढून आणलेले असतात, लेन्स भारी, शटर १/२०००, फोकस पक्ष्यावरच, तरी पिसं शिजल्यासारखी दिसतात. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि पक्षी दोनशे मीटरवर असेल तर त्या लहरींतूनच तो टिपावा लागतो. ६०० मिलिमीटरची लेन्स पक्ष्याबरोबर ती लहरही मोठी करून देते. एडिटिंगमध्ये यावर औषध नाही. उजाडताना बोटीत बसायचं, पक्षी जवळ असतील तेवढेच टिपायचे, आणि ऊन तापलं की लांबच्या थव्याचा नाद सोडून द्यायचा.

एवढं सगळं सांगण्याचं कारण असं, की "शार्प नाहीये" या एका अभिप्रायामागे निदान सहा वेगळी कारणं असतात आणि सहांचे उपाय वेगळे. यांपैकी नेमकं कोणतं, हे ठरलं नाही तर अभिप्राय देणाऱ्याचाही वेळ वाया जातो आणि घेणाऱ्याचाही. माझ्या मते चांगल्या अभिप्रायाची कसोटी एकच: तो ऐकून पुढच्या वेळी त्याच जागी उभं राहिल्यावर हाताने, पायाने किंवा कॅमेऱ्याच्या बटणाने वेगळं काय करायचं, हे कळलं पाहिजे. "मस्त", "एकच नंबर", "काहीतरी कमी आहे" यांतून ते कळत नाही. सलॉनच्या, म्हणजे फोटो प्रदर्शनाच्या, स्पर्धेत परीक्षकांनी दिलेल्या गुणांतूनही कळत नाही. गुण म्हणजे निकाल, आणि निकालातून कारण शोधता येत नाही.

पण अभिप्राय नेमका हवा असेल तर फोटोही तशाच तयारीने पुढे ठेवायला हवा. इथे बहुतेक जण कमी पडतात.

पहिली गोष्ट निवडीची. एका सकाळचे तीस फोटो कुणापुढे टाकले की समोरचा चौथ्या फोटोपासून नुसता सरकवत जातो. तीनच दाखवावेत. त्यातला एक स्वतःला आवडलेला, एक फसलेला पण का फसला ते न उमगलेला, आणि एक असा की ज्याच्याबद्दल मनात धाकधूक आहे. फोटो काढला त्याच दिवशी दाखवू नये. त्या दिवशी आपल्याला फोटोत वारा, आवाज, चढून आल्याचा थकवा सगळं दिसत असतं, आणि बघणाऱ्याला फक्त चौकट दिसते. आठवड्याने उघडला की आपणही बऱ्यापैकी परके होतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), वेळ, आणि ऊन कुठून येत होतं. पहिली पाच कॅमेरा फाइलमध्ये आपणहून लिहून ठेवतो, पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहितीही जाते आणि बारकावेही. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. क्रॉप केला असेल तर न कापलेली मूळ फ्रेमही सोबत द्यावी. "डावीकडे थोडी जागा हवी होती" असं कुणी म्हणालं आणि मूळ फ्रेममध्ये ती जागा असेल, तर चूक कापताना झाली. नसेल तर चूक उभं राहण्यात झाली. दोन्हींवरचा धडा पूर्ण वेगळा.

तिसरी गोष्ट स्क्रीनची. रात्री अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण चढवून एडिट केलेले फोटो दुसऱ्याच्या स्क्रीनवर काळपट दिसतात आणि प्रिंटमध्ये तर त्याहून. ब्राइटनेस निम्म्यावर, खोलीत एखादा दिवा, डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड बंद, मोबाइलवर रंग भडक करणारा मोडही बंद, एवढं केलं की "रंग जास्त झालेत" या तक्रारींतल्या बऱ्याचशा आपोआप मिटतात. फाइल काढताना कलर स्पेस, म्हणजे रंगांचं मोजमाप, एसआरजीबी ठेवायची. अ‍ॅडोबी आरजीबीमधली फाइल अनेक ॲपमध्ये फिकी, मातकट दिसते, आणि मग बघणारा एडिटिंगला दोष देतो.

चौथी गोष्ट प्रश्नाची. "कसा वाटला?" हा प्रश्नच नाही. "नजर आधी कुठे गेली?", "उजवीकडचा खांब काढावा का?", "हे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिकेल का?" असं विचारलं की उत्तरही तेवढंच टोकदार येतं.

फोटो समोर ठेवून बोलायची ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी काचेची प्लेट स्वतः तयार करायची, स्वतः धुवायची. एकेका प्लेटला एवढे कष्ट, त्यामुळे कुठलं रसायन, किती वेळ, कसा उजेड हे सांगितल्याशिवाय फोटोवर बोलणंच अपुरं. आज कॅमेरा तेच आकडे फुकट लिहून देतो आणि आपण ते बाजूला ठेवून फोटो फिरवतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता एक फोटो जरा जवळून बघू. जेजुरीचा, सोमवती अमावास्येचा. गडाच्या पायऱ्यांवर गर्दी, दीपमाळा, आणि वर भंडारा उधळलेला. असे फोटो दरवर्षी हजारोंनी निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंवर एकच तक्रार येते: पिवळ्याचा नुसता सपाट डाग झालाय. ना दाणा दिसत, ना धूर. काढणारा म्हणतो, "पण मी हिस्टोग्राम बघितला होता, उजवीकडे भरपूर जागा होती." तोही खरंच बोलत असतो.

कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम लाल, हिरवा आणि निळा एकत्र करून उजेडाचा एकच आलेख काढतो (डावं टोक काळं, उजवं पांढरं), आणि त्यात हिरव्याचं वजन सर्वात जास्त, साधारण साठ टक्के. लालचं तीस, निळ्याचं दहाच्या आसपास. उन्हातल्या हळदीत लाल पार २५५ या कमाल आकड्याला भिडलेला असतो, हिरवा समजा १९० वर असतो आणि निळा जवळजवळ शून्य. या वजनांनी एकत्र केलं की उत्तर येतं साधारण १९०. म्हणजे आलेखावर तीन चतुर्थांशाच्या आसपास. छान, सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात लाल चॅनेल भिंतीला धडकून सपाट झालेला असतो, आणि हळदीच्या रंगातले चढउतार त्या लालमध्येच होते. खालचा निळाही शून्यावर चिकटलेला. मग उरतो तो एकसंध पिवळा पट्टा.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय असते, ती चालू करायची आणि फक्त लालवर नजर ठेवायची. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन तृतीयांश ते उणे एक. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचं. एडिट करताना सगळ्या फोटोचं सॅचुरेशन न वाढवता पिवळा आणि नारिंगी हे दोनच रंग निवडून त्यांचा उजेड आणि गडदपणा थोडा खाली आणायचा. दाणा परत दिसायला लागतो.

याच फोटोवरची दुसरी तक्रार: माणसांचे चेहरे राखाडी, आजारी दिसतात. इथे ऑटो व्हाइट बॅलन्सचं काम आहे. चौकटभर पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळ्याकडे ढकलतो. भंडारा लिंबासारखा फिका पडतो आणि त्वचेतली ऊब निघून जाते. शिवाय दर फ्रेमला तो वेगळा अंदाज बांधतो, म्हणून एकाच पायरीवरचे चार फोटो चार रंगांचे येतात. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास, पक्का करून टाकावा.

तिसरी तक्रार सहसा शब्दांत येत नाही, बघणारा फक्त "दम नाही" म्हणतो. उधळलेला भंडारा ऊन आपल्या पाठीमागून पडत असताना टिपला की हवेत पिवळा डाग दिसतो, एवढंच. तोच उन्हाकडे तोंड करून, मागे सावलीतली कमान किंवा दगडी भिंत धरून टिपला की एकेक कण पेटल्यासारखा उठून दिसतो. हा काही एडिटिंगचा प्रश्न नाही, दहा पावलं चालून दुसऱ्या बाजूला जाण्याचा आहे. गर्दी वाढली की ती दहा पावलंही चालता येत नाहीत, म्हणून लवकर जाऊन जागा धरायची आणि कमानीची सावली किती वाजता कुठे पडते ते बघून ठेवायचं. शटर १/१००० असेल तर कण गोठतात, १/६० ला त्यांचा ढग होतो. दोन्ही चांगलं दिसू शकतं, मात्र मधलं १/२५० दोन्हीकडून हुकतं.

कॅमेऱ्याचीही काळजी घ्यावी लागते. प्लॅस्टिकची पिशवी लेन्सच्या तोंडाला रबराने बांधायची, समोर यूव्ही फिल्टर, आणि गडावर लेन्स बदलायचीच नाही. लांब-आखूड होणारी झूम लेन्स पुढेमागे करताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर हळदही. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि सगळी पूड निघाल्यावरच कापड. ओलं कापड आधी लावलं तर हळद फटीत बसते आणि तिथेच रंगते. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात.

वारीतल्या रिंगणाच्या फोटोंवर दोष वेगळेच निघतात. चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, पुरंदावडे, खुडूस, वाखरीची गोल रिंगणं, सगळीकडे आभाळ भरलेलं आणि अश्व भरधाव. नवखा माणूस नॉइजच्या भीतीने आयएसओ २०० वर ठेवतो, शटर १/१२५ वर घसरतं आणि अश्व पुसट येतो. ढगाळ हवेत एफ/५.६ वर १/१००० हवं असेल तर आयएसओ ८०० लागतोच, आभाळ दाटलं तर १६००. नॉइज पुष्कळसा काढता येतो, हललेला अश्व कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. फोकस सतत पाठलाग करणारं ठेवायचं, ज्याला निकॉन आणि सोनीवर एएफ-सी म्हणतात आणि कॅननच्या डीएसएलआरवर एआय सर्व्हो.

तंत्र जमल्यावर पुढची तक्रार येते ती बॅकग्राउंडची. अश्वाच्या मानेतून उगवलेली पताका, त्याच्या पोटामागे मोबाइल उंचावलेल्या हातांची रांग. अनेकजण यावर "क्रॉप करून बघ" म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पोटामागचे हात क्रॉपने जात नाहीत. कॅमेऱ्याची उंची बदलली तर जातात. उभं राहून टिपलं की मागे समोरची गर्दी येते. मांडी घालून बसलं की अश्व आभाळावर येतो आणि पताका त्याच्या वर राहतात. अर्थात बसायचं ते वारकऱ्यांच्या ओळीत, चोपदार सांगतील तिथे; धावायच्या वाटेकडे सरकणं अश्वाला आणि माणसाला दोघांनाही धोक्याचं.

आणि एक अभिप्राय असा आहे, जो जाणत्या माणसाकडूनच मिळतो. तो तुमचा फोटो बघून विचारतो, "अश्व गेल्यावर काय झालं?" अश्व गेला की वारकरी धावत येतात, टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. तेवढ्या वेळात बहुतेक कॅमेरे खाली झालेले असतात, अश्व आला का ते मागच्या स्क्रीनवर बघत. फोटोतला दोष दाखवणारे पुष्कळ भेटतात. न काढलेला फोटो दाखवणारा एखादा भेटला तर त्याला धरून ठेवावं.

क्षितिज वाकडं असल्याचा शेरा सगळ्यात लवकर येतो आणि बहुधा बरोबर असतो. पाण्याचा फोटो एका अंशाने कललेलाही डोळ्याला खुपतो. पण घाटातल्या तलावांच्या फोटोत गंमत होते. समोरचा काठ आपल्यापासून तिरका दूर जात असतो, त्यामुळे तो फोटोत उतरता दिसतो आणि लोक तोच क्षितिज समजून फोटो फिरवायला सांगतात. तसं केलं की झाडं पडायला लागतात. अशा वेळी प्रतिबिंब बघावं. झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याच शेंड्याचा प्रतिबिंबित बिंदू एकाच उभ्या रेषेत यायला हवेत. ती रेषा चौकटीच्या कडेला समांतर असली की फोटो सरळ आहे, काठ कसाही दिसो.

आकाशात गोल करडे डाग दिसतात, हे सेन्सरवरच्या धुळीमुळे. एफ/१६ लावून पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढला की किती डाग आहेत ते लगेच कळतं. गडाच्या कड्याभोवती पांढरी किनार दिसते, ती क्लॅरिटी आणि शॅडोचे स्लायडर जास्त ओढल्यामुळे. पावसाळ्यातला हिरवा रंग रेडियमसारखा झाला असेल तर सॅचुरेशन कमी करण्याआधी फक्त हिरव्याची छटा जराशी पिवळ्याकडे सरकवून बघावी, सह्याद्रीचा हिरवा त्या बाजूचाच असतो. वारकऱ्याचा पांढरा सदरा मळका आला आणि काळ्या पाषाणाची मूर्ती करडी आली, तर दोन्हींचं कारण एकच: मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन पांढऱ्याला अधिक एक, काळ्याला उणे एक.

काही अभिप्राय कॅमेऱ्याबद्दल नसतात आणि ते मला सर्वात महत्त्वाचे वाटतात. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, आणि तेव्हापासून तिथे कॅमेऱ्यांची रीघ आहे. सड्यावरचं सीतेची आसवं हे फूल बोटाच्या नखाहून लहान. ते चौकट भरून टिपायचं तर मॅक्रो लेन्स जवळ न्यावी लागते, आणि खऱ्या आकाराइतकं मोठं टिपताना एफ/८ वर शार्प पट्टा जेमतेम एक मिलिमीटर मिळतो. म्हणून माणूस जमिनीवर पालथा झोपतो, कोपरं टेकवतो. एका फुलाच्या सुंदर फोटोखाली पोटाने आणि कोपरांनी चिरडलेली पन्नास झाडं असतात आणि ती फोटोत येत नाहीत. असा फोटो समोर आला तर "कोपरं कुठे टेकवली होती?" हे विचारायलाच हवं, आणि फोटो कितीही देखणा असला तरी विचारायला हवं. पायवाटेच्या कडेला असलेलं फूल, छोटा बीनबॅग, उघडणारी स्क्रीन, एवढ्यात तोच फोटो मिळतो. पार्श्वभूमी थोडी कमी चांगली मिळेल. मिळू दे.

पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो तर दाखवूच नयेत, असं माझं मत आहे. पिल्लं स्वच्छ दिसावीत म्हणून समोरची फांदी वाकवली किंवा छाटली की ऊन थेट पिल्लांवर येतं आणि कावळ्यांनाही वाट मोकळी होते. त्या फोटोचं कौतुक करणारा प्रत्येक जण पुढच्या फांदीला हातभार लावतो. दुसरी काळजी अशी: मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. वर आकडे सोबत द्या म्हटलं, पण दुर्मीळ पक्षी, घुबडाची ढोली, ऑर्किडची जागा असेल तर लोकेशन पुसूनच फाइल द्यावी.

अभिप्राय एकमेकांविरुद्ध आले की नवख्याची पंचाईत होते. एक म्हणतो अंधारा कर, दुसरा म्हणतो उजळ कर, तिसरा म्हणतो तो कोपराच काप. इथे माझा अनुभवाने ठरलेला नेम आहे: उपाय बाजूला ठेवायचे आणि बोट कुठे ठेवलंय ते बघायचं. तिघांनीही डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं असेल, तर डाव्या कोपऱ्यात काहीतरी बिघडलंय हे नक्की. तिघांचेही उपाय चुकीचे असू शकतात. तिथला बल्ब घरातला पिवळा आणि बाकी उजेड खिडकीतला निळसर, एवढंच कारण असेल आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नसेल. ज्या गोष्टीवर एकानेच बोट ठेवलं आणि बाकीच्यांना ती दिसलीही नाही, ती आवडीनिवडीची असण्याचा संभव जास्त. वहीत मात्र तीही लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी वही चाळली की एखादी तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: पाय घोट्यावर कापले, पाय घोट्यावर कापले. ती आपली खरी सवय. मग महिनाभर शटर दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवायची, बाकी सगळं विसरायचं. माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नये. मांडीच्या मध्यावर किंवा दंडाच्या मध्यावर चालतं, गुडघ्यावर आणि मनगटावर खटकतं.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलणं हा शिकण्याचा त्याहूनही चांगला मार्ग आहे. त्यासाठी मिनिटभर काहीच बोलू नये. डोळे किलकिले करून बघावं, म्हणजे तपशील जातो आणि नुसते उजेड-अंधाराचे आकार राहतात. फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघावा. उलटा करून बघावा, म्हणजे माणूस माणूस राहत नाही आणि तोल कुठे कलतो ते कळतं. मग आधी सांगावं, "माझी नजर या लाल पिशवीवर गेली, तिथून बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि तिथून बाहेर." हे ऐकताना समोरच्याला कमीपणा वाटत नाही, कारण यात निवाडा नाही. त्यानंतर दोष, त्याचं संभाव्य कारण, आणि करून बघण्यासारखी एक गोष्ट. एकच. समोरचा वयाने लहान असेल तर "तू इथे कशासाठी थांबलास?" हे आधी विचारावं, वयाने मोठ्या काकांना नवा छंद लागला असेल तर, "काका, हा अजून जवळ जाऊन काढला होता का?" असं. उत्तरात कित्येकदा खरं कारण मिळतं: मधे कुंपण होतं, किंवा बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. धाडस हा प्रश्न असेल तर अ‍ॅपर्चरवर बोलून काय उपयोग?

शक्य असेल तेव्हा प्रिंट समोर ठेवून बोलावं. चार बाय सहा इंचाचे दहा प्रिंट टेबलावर पसरले की कुठले दोन एकसारखे आहेत, कुठला उगाच आलाय, ते स्क्रीनपेक्षा फार लवकर दिसतं. फक्त लॅबमध्ये एक सांगून ठेवावं. कॅमेऱ्याची चौकट सहसा ३:२ असते, ती ४×६ मध्ये बरोबर बसते. मोबाइलची बहुधा ४:३ असते. सहा इंच रुंदीला तिला साडेचार इंच उंची लागते, म्हणून लॅब वरखाली मिळून अर्धा इंच कापून टाकते, आणि त्यात कुणाचं तरी डोकं जातं. "कापू नका, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल," असं स्पष्ट म्हणावं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२०० गुणिले १८०० पिक्सेल पुरतात.

आणि शेवटी परत जावं. सोमवती पुन्हा येते, वारी दरवर्षी येते, उजनीवर पक्षी दर हिवाळ्यात येतात. त्याच जागी, त्याच वेळी, एकच गोष्ट बदलून. गेल्या खेपेला पिवळा सपाट झाला असेल तर यंदा फक्त लाल चॅनेल सांभाळायचा. जागा तीच, लेन्स तीच. दोन्ही बदललं की कशामुळे सुधारलं ते कळत नाही. मग जुना आणि नवा प्रिंट शेजारी ठेवून, दोन्हींच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहून, गेल्या वेळी ज्याने चूक दाखवली त्याच्याकडे जायचं. तो बहुतेक पुढची चूक दाखवेल.